कुंपणाबाहेरचं पाणी

विमानतळाचा आराखडा हाती आला की बहुतेकांची नजर आधी धावपट्टीवर जाते. ती किती लांब, कुठल्या दिशेची, टर्मिनल कुणीकडे. नवी मुंबईच्या आराखड्यात मात्र आधी शोधावा तो पातळीचा आकडा. पनवेल खाडीकाठची ही जमीन भरतीच्या पाण्याला इतकी खेटून होती की साडेपाच मीटरपर्यंत भराव घालून ती उचलावी लागली. भराव आला शेजारच्याच उलव्याच्या डोंगरातून. सुमारे 92 मीटर उंचीचा हा डोंगर सुरुंग लावून खाली आणला, उलवे नदीला नवा मार्ग खोदून दिला, उच्चदाबाच्या वीजवाहिन्या हलवल्या. सरकारी कागदांत या सगळ्याला 'विमानतळपूर्व विकासकामे' असं साधंसं नाव आहे. विमानतळाचं बांधकाम त्यानंतरचं. पाणथळीच्या बाजूनं पाहिलं, तर तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं होतं.

बाहेरच्या माणसाला इथं नुसती दलदल दिसे. गाढी आणि उलवे या नद्या पनवेल खाडीत उतरतात, पनवेल खाडी पुढे ठाणे खाडीला मिळते. उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर चढतं आणि सहा तासांनी तेवढंच उतरतं. त्या चढ-उतारावर आगरी-कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाजणाची शेती बसवली होती. खाऱ्या पाण्याला बांध घालून आत भात करायचं, बांधाला उघाडी ठेवायची. ओहोटीला तिच्यातून पावसाचं पाणी बाहेर जाईल आणि भरती आत शिरणार नाही. शेतालगतच्या तळ्यात जिताडा. बांधापलीकडे तिवरांची रांग, आणि तिच्याही पुढे उघडा चिखल. त्या चिखलात निवट्या, चिंबोऱ्या, आणि पाग टाकला तर कोळंबी, बोईट. सातबाऱ्यावर शेत येतं, तळंही येतं. चिखल कुणाच्याच नावावर नसतो. पुढं जे काही झालं त्यातला बराच भाग या एका गोष्टीशी येऊन थांबतो.

मुंबईला दुसरा विमानतळ हवा, ही चर्चा जुनी. आधी रेवस-मांडव्याच्या जागेचा विचार झाला होता. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती, तिचंही नाव पर्यावरण मंजुरीच्या 2010 च्या वादात पुन्हा निघालं. (2017 च्या जूनमध्ये याच नेवाळीच्या जमिनीवरून शेतकऱ्यांचा उद्रेक झाला, तेव्हा ती जागा 'मोकळी' किती होती हे सगळ्यांना कळलं.) पण नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या हातात तिथली जमीन होती, शहर वसत होतं, रेल्वे येत होती, आणि कौल खाडीकाठच्या बाजूनं पडला.

अडचण कायद्याची होती. किनारा नियमन क्षेत्राची 1991 ची अधिसूचना खाडीत भराव घालून विमानतळ उभारू देत नव्हती. मे 2009 मध्ये ती दुरुस्त झाली. 2011 च्या जानेवारीत नवी अधिसूचना आली, तिच्यातही ही सवलत ठेवली गेली, आणि तिची शब्दरचना वाचण्यासारखी आहे: नवा विमानतळ चालेल, पण आधीच मंजूर झालेला आणि फक्त नवी मुंबईतला. देशाच्या सगळ्या किनाऱ्यासाठी केलेल्या नियमात एकाच प्रकल्पाच्या मापाची खिडकी पाडली गेली. मला यात लबाडीपेक्षा प्रामाणिकपणा जास्त दिसतो. नियम सैल करून सगळ्यांना दार उघडण्यापेक्षा एकाचं नाव लिहून ठेवणं बरं. पण त्यामुळे एक गोष्ट उघड झाली. पर्यावरण परिणामाचा अभ्यास पुरा होण्याआधीच उत्तर ठरलेलं होतं. अभ्यासानं सांगायचं राहिलं होतं ते 'कसं' एवढंच.

या 'कसं'वर 2010 मध्ये झालेली झटापट मात्र खरी होती. परिणाम अहवाल आयआयटी मुंबईनं केला, पाण्याच्या वाटांचं गणित पुण्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रानं तपासलं. जयराम रमेश तेव्हा पर्यावरणमंत्री. त्यांचा आक्षेप तीन गोष्टींवर होता: खारफुटी, डोंगर आणि नद्या. मूळ आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्यांमध्ये 1,800 मीटर अंतर होतं आणि त्यासाठी गाढीचाही प्रवाह वळवावा लागणार होता. बरीच ओढाताण होऊन ते अंतर साधारण 1,550 मीटरवर आलं. अडीचशे मीटर म्हणजे कागदावर पेन्सिलीची एक रेघ इकडची तिकडे. त्या रेघेनं गाढी वाचली. विमानतळाशी थेट संबंध नसलेली बांधकामं दुसरीकडे ढकलली गेली, वाघिवली बेटावर 245 हेक्टरांचं खारफुटी उद्यान करायचं ठरलं, आणि 22 नोव्हेंबर 2010 रोजी 32 अटींसह मंजुरी निघाली. उलवे नदी आणि डोंगर मात्र वाचले नाहीत.

आपल्याकडच्या रिवाजात ही छाननी चांगल्यापैकीच म्हटली पाहिजे. मंजुरी नाकारण्याचं प्रमाण नगण्य असलेल्या व्यवस्थेत आराखडा प्रत्यक्ष बदलायला लावणं ही छोटी गोष्ट नव्हे. तरीही त्या कागदांकडे आज पाहताना एक खटकतं. सगळा हिशेब हेक्टरांत आहे. इतके हेक्टर खारफुटी जाणार, तर तितके हेक्टर खारफुटी लावा. इतकी वनजमीन, तर तितकी पर्यायी. खाडीत मात्र जागेला घड्याळ असतं. सकाळी अकराला जो चिखल हजारो पक्ष्यांचं ताट असतो, तिथंच संध्याकाळी पाचला पुरुषभर पाणी असतं. मग त्या पाच वाजता ते पक्षी कुठे असतात, हा प्रश्न हेक्टरांच्या तक्त्यात बसत नाही.

त्याचं उत्तर ठाणे खाडीच्या पक्ष्यांनी केव्हाच देऊन ठेवलं आहे. नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत खाडीत रोहित (फ्लेमिंगो) येतात, छोटे जास्त आणि मोठे कमी, मिळून लाखाच्या घरात. त्यांच्याबरोबर तुतारी, टिलवे, पंकपक्षी अशी उत्तरेकडून आलेली चिखलपक्ष्यांची मोठी फौज. ओहोटीला सगळे खाडीच्या उघड्या चिखलावर चरतात. भरती चढू लागली की उठतात आणि उथळ पाणी असलेल्या, बांधामागच्या जागांवर जाऊन उभे राहतात. नेरुळ-सीवूड्सचा एनआरआय संकुलामागचा भाग, टी. एस. चाणक्य या नौप्रशिक्षण संस्थेच्या मागचं पाणी, डीपीएस शाळेजवळचा तलाव, उरणकडे पाणजे, बेलपाडा, भेंडखळ. तिथं झोपतात, पिसं साफ करतात, पाणी उतरलं की परत. भरती रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते, तसं हे वेळापत्रकही सरकतं. कधी ही ये-जा दुपारी, कधी मध्यरात्री. सीवूड्सच्या काठावर उभं राहून कुणालाही ती पाहता येते. फक्त दिनदर्शिकेत तिथीबरोबर भरतीची वेळ पाहून जावं लागतं.

ठाणे खाडीच्या 1,690 हेक्टरांना ऑगस्ट 2015 मध्ये रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये खाडीचं नाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. दोन्ही मान चरण्याच्या जागेचे. भरतीला टेकण्याच्या जागा अभयारण्याबाहेर राहिल्या. म्हणजे घराचं स्वयंपाकघर सरकारी संरक्षणात आणि झोपायची खोली बिल्डरच्या नकाशात. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं (बीएनएचएस) अभयारण्याच्या नियोजनात या बाहेरच्या पाणथळींचा वेगळा विचार करा असं सांगितलं, एनआरआय, टी. एस. चाणक्य, पाणजे, बेलपाडा, भेंडखळ आणि खाडीपलीकडचं भांडुप उदंचन केंद्र अशी नावंही दिली. जानेवारी 2022 मध्ये संस्थेनं सहा रोहितांना उपग्रहाशी जोडलेले यंत्र-टॅग लावले. त्यातल्या एकाचं नाव ठेवलं 'नवी मुंबई'. मुंबईतून गुजरातपर्यंतचे त्यांचे मार्ग त्यामुळे नकाशावर दिसू लागले.

आता इथून विमानतळाकडे वळू.

विमानतळाच्या मंजुरीबरोबर पक्ष्यांच्या अभ्यासाची अट होती आणि सिडकोनं ते काम बीएनएचएसकडेच दिलं होतं. त्या अभ्यासाचा निष्कर्ष पहिल्यांदा ऐकला तर उलटा वाटतो. विमानं सुरक्षित उतरायची असतील, तर आजूबाजूच्या पाणथळी राखा. सामान्य तर्क याच्या विरुद्ध चालतो. पाणी म्हणजे पक्षी, पक्षी म्हणजे विमानाला धोका, म्हणून पाणी बुजवा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेतही विमानतळाभोवतीच्या 13 किलोमीटरच्या वर्तुळात पक्षी खेचणाऱ्या गोष्टी टाळा असं आहे. आपल्याकडे 1937 च्या विमान नियमांतल्या 91 व्या नियमानं दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कत्तल आणि कचरा टाकणं बंद केलं. पण कचराभूमी बंद केली की घारी दुसऱ्या कचऱ्याकडे जातात. लाखभर पक्ष्यांची झोपायची जागा बुजवली म्हणून ते खाडी सोडून जात नाहीत, कारण खाणं खाडीतच आहे. भरती चढल्यावर ते उथळ पाण्याची, मोकळी, माणसांपासून दूर असलेली दुसरी जागा शोधतात. कुंपण घातलेल्या, सपाट, पावसात डबकी साचणाऱ्या हजारभर हेक्टरांहून अशी जागा आणखी कुठली?

नकाशावर दिशा पाहिल्या की हे आणखी टोचतं. नवी मुंबईची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेकडून उतरायला येणारं विमान खाडी ओलांडून येतं. ठाणे खाडी आणि उरणच्या पाणथळी यांच्यातली पक्ष्यांची ये-जा साधारण उत्तर-दक्षिण. या दोन वाटा एकमेकींना छेदतात. कुठल्या तासाला, किती उंचीवर, हे भरतीच्या तक्त्यावर आणि पक्ष्यांना टेकायला जागा कुठे उरली आहे यावर ठरतं. आराखडा तपासणाऱ्यानं 'परिसरातील पक्ष्यांची यादी' या परिशिष्टात शे-दीडशे नावं पाहून समाधान मानलं, तर यातलं काहीच कळत नाही. यादीत पक्षी 'आढळतो' एवढंच असतं. ओहोटीला कुठे, भरतीला कुठे, रात्री कुठे, हे नसतं.

20 मे 2024 च्या रात्री दुबईहून मुंबईला उतरणारं एमिरेट्सचं विमान घाटकोपरवर रोहितांच्या थव्यात शिरलं. विमान सुखरूप उतरलं. सकाळी पंतनगर भागात मेलेले पक्षी वेचले गेले, चाळिसाच्या आसपास. हा जुना सांताक्रूझ विमानतळ होता, नवी मुंबईचा नव्हे. पण पक्षी तेच आणि खाडीही तीच. त्याच्या आधी काही आठवडे नेरुळच्या डीपीएस तलावात रोहित मरून पडत होते. जेट्टीच्या रस्त्याच्या कामात तलावात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या होत्या, पाणी कुजत होतं. तलाव जेमतेम 30 एकरांचा. पुढे समिती बसली, वाटा मोकळ्या कराव्यात असं ठरलं, आणि एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं त्याला संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. महापालिकेनं तोवर शहराला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवून चौकाचौकांत गुलाबी पुतळे उभे केले होते. पुतळ्यांना भरतीचं पाणी लागत नाही, ही त्यांची सोय.

बाकीच्या जागांची कहाणी कमी सुखाची. सीवूड्सच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि घरं करण्याचा बेत मुंबई उच्च न्यायालयानं 2018 मध्ये रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाणजेच्या 289 हेक्टरांबद्दल वर्षानुवर्षं एकच वाद चालू आहे: ही पाणथळ आहे की विकासासाठी राखलेली जमीन? भरतीचं पाणी आत सोडणारी तोंडं बंद झाली की ती कोरडी पडते, आणि कोरडी पडली की जमीन आहे असं म्हणता येतं. भेंडखळ आणि बेलपाड्याचा बराच भाग भरावाखाली गेला.

या वादाला कायद्यानंच जागा करून दिली आहे. 2017 च्या पाणथळ नियमांत नदीपात्रं, भातखाचरं, आणि मीठ, मत्स्यशेती, सिंचन किंवा मनोरंजनासाठी मुद्दाम बांधलेली पाणी साठवणं व्याख्येतून वगळली. आता रायगडच्या खाडीकाठची कुठलीही पाणथळ घ्या. ती एके काळी खाजण होती, मिठागर होती, किंवा जिताड्याचं तळं होती. बांध फुटला, माणसं दुसऱ्या कामाला लागली, पाणी आत आलं आणि पक्षी आले. निसर्गानं परत घेतलेली ही जागा कागदावर मात्र माणसानं केलेलीच राहते. सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये राष्ट्रीय पाणथळ नकाशातल्या 2,01,503 पाणथळींना संरक्षणाची तत्त्वं लागू करायला सांगितलं. पण एखादी विशिष्ट जागा त्यांत आहे की नाही, हे जिल्ह्याच्या पातळीवर ठरतं, आणि ते ठरेपर्यंत डंपर थांबत नाहीत. नवी मुंबईचं वैशिष्ट्य असं की शहराचा पाया रचणाऱ्यांना पाण्याचं हे नातं ठाऊक होतं. सखल शहर भरतीच्या वेळी पावसात बुडू नये म्हणून सिडकोनं डच धर्तीवर धारण तलाव ठेवले, त्यांना भरतीला मिटणारे दरवाजे बसवले. खाजणातल्या उघाडीचंच ते मोठं रूप. शहराला जे गणित लागू केलं, ते शहराबाहेरच्या पाणथळींना लावायचं राहून गेलं.

एक भाग मी थोडक्यात सांगणार नाही, तो म्हणजे खारफुटीच्या बदल्यात खारफुटी. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशापासून आणि 2018 च्या निकालापासून खारफुटीला कायद्याचं चांगलं कवच आहे, 2012 पासून वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे, आणि त्याचे परिणाम डोळ्यांना दिसतात. पण कवच झाडाला आहे. रोपं लावायची तर जागा लागते, आणि भरतीच्या पट्ट्यात झाड नसलेली जागा म्हणजे बहुतेक वेळा चिखलच. त्या चिखलावर तिवरं लावली की लागवडीचा आकडा वाढतो, फोटो हिरवा येतो, आणि चिखलपक्ष्यांचं रान तेवढं कमी होतं. टिलवा किंवा पंकपक्षी झाडीत चरत नाही; त्याला दूरवर दिसेल असा उघडा चिखल लागतो, शिकारी पक्षी आला तर उडायला वेळ मिळावा म्हणून. खारफुटी गेली तर माणसं न्यायालयात जातात. चिखल गेला तर तक्रार कुणी करायची? ज्यांनी केली असती, ते त्यावर मासे धरणारे होते.

त्यांचं काय झालं, ते पाहू. विमानतळासाठी दहा गावं उठली. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचे ओवळे. इथल्या लोकांना जमीन देण्याघेण्याचा अनुभव नवा नव्हता. जानेवारी 1984 मध्ये भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच मुलखानं गोळीबार सोसला आणि त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. विमानतळग्रस्तांनी ती साडेबावीस टक्क्यांवर नेली. भूसंपादनाच्या इतिहासात हा मोठा विजय आहे आणि विमानतळाला दि. बां.चं नाव द्या ही मागणी त्यातूनच येते. पण टक्का कशाचा? संपादित जमिनीचा. खाडीतल्या चिखलाला टक्का नाही. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी बंदर, तेलवाहिन्या आणि सिडकोच्या भरावाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जाऊन फेब्रुवारी 2015 मध्ये 1,630 कुटुंबांसाठी 95 कोटी 19 लाख रुपयांच्या भरपाईचा आदेश मिळवला, तेव्हा पहिल्यांदा त्या मालकी नसलेल्या पट्ट्याला रुपयांत मोजलं गेलं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. तरी तो निकाल विमानतळाच्या फायलीशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे.

आणि ज्यांची गावं उठली नाहीत, त्यांच्याकडे पाणी आलं. डुंगी आणि पारगाव ही गावं भरावाच्या कडेला उरली. पूर्वी पावसाचं पाणी पसरायला जिथं खाजणं होती, तिथं आता साडेपाच मीटरचा कडा. पावसाळ्यात पाणी घरांत शिरू लागलं, लोक रस्त्यावर आले, डुंगीकर स्थलांतर मागू लागले. हे अनपेक्षित होतं असं म्हणवत नाही. सखल जागेतला एक भाग उचलला की उरलेला भाग खोल होतो. याला प्रारूपाची गरज नाही.

विमानतळ आणि पूर यांची जोडी आपल्याला नवी नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला, तेव्हा चर्चेत आली ती मिठी नदी, विमानतळाशी येऊन काटकोनात वळवलेली आणि धावपट्टीखालून काढलेली. चेन्नईनं आपली दुसरी धावपट्टी अड्यार नदीवरून पुलासारखी नेली; डिसेंबर 2015 मध्ये नदीनं विमानतळ काही दिवस बंद पाडला. कोचीचा विमानतळ भातखाचरांत आहे. ऑगस्ट 2018 मध्ये तो पुरामुळे दोन आठवडे बंद होता. विमानतळाला सपाट जमीन लागते, शहराजवळ स्वस्त सपाट जमीन म्हणजे बहुतेक वेळा पाण्याची जमीन. टेम्सच्या मुखावर विमानतळ करायची टूम ब्रिटिशांच्या आयोगानं सप्टेंबर 2014 मध्ये बाद केली, त्या कारणांत खाडीचे पक्षीही होते.

पाणी खालीच असतं असंही नाही. कोकणातल्या कातळसड्यांवर पावसाळ्यात चार महिने जी पाणथळ होते, ती उन्हाळ्यात ओळखूही येत नाही. आणि सड्यावर मुरलेलं पाणी खालच्या गावांतल्या झऱ्यांतून येतं. गोव्यात पेडण्याच्या मोपा सड्यावर विमानतळाला ऑक्टोबर 2015 मध्ये मंजुरी मिळाली होती. 29 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती स्थगित केली. कारण वाचलं की छाननी म्हणजे काय याचा धडा मिळतो. अर्जाच्या अगदी पहिल्या नमुन्यातच पंधरा किलोमीटरच्या परिसरातली वनं आणि संवेदनशील क्षेत्रं नीट सांगितली नव्हती. त्यातली काही तर सीमेपलीकडे, आपल्या सिंधुदुर्गात होती. तज्ज्ञ समितीनंही ते विचारलं नाही. जिथं सुरुवातीलाच माहिती दडली, तिथं पुढचा सगळा अभ्यास त्या दडलेल्या माहितीवर उभा राहतो, असा न्यायालयाचा रोख होता. जानेवारी 2020 मध्ये नव्या अटी आणि नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची देखरेख घालून स्थगिती उठली, आणि जानेवारी 2023 पासून मोपावरून विमानं उडू लागली. त्याआधी केरळात आरन्मुळ्याच्या भातखाचरांतला विमानतळ 2014 मध्ये हरित न्यायाधिकरणानं रद्द केला, तोही अहवाल करणाऱ्या संस्थेकडे त्या कामाची मान्यता नव्हती म्हणून. पाणथळीचा मुद्दा जिंकला, पण पाणथळीच्या नावावर नव्हे, कागदातल्या चुकीवर.

नवी मुंबईचा पहिला टप्पा 19,650 कोटी रुपये खर्चून पुरा झाला. 3,700 मीटरची एक धावपट्टी, वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय. 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालं, 25 डिसेंबरला प्रवासी विमानं सुरू झाली. शेवटच्या टप्प्यात प्रवासी नऊ कोटींवर न्यायचे आहेत, दुसरी धावपट्टी त्यात येते. विमानांची ये-जा वाढेल तसा सीवूड्स आणि पाणजेचा प्रश्न पर्यावरणवाल्यांपुरता राहणार नाही. तो वैमानिकांचा होईल. सिडकोनं या पाणथळींना भूखंड मानायचं की धावपट्टीच्या सुरक्षेचा भाग, हे एकाच संस्थेच्या दोन टेबलांमधलं भांडण आहे, आणि ते आजही सुटलेलं नाही. माझं मत विचाराल तर दुसऱ्या टेबलाच्या बाजूनं, आणि तेही पक्ष्यांवरच्या प्रेमानं नव्हे, साध्या हिशेबानं.

पुढचा कागद आता पालघरकडून येणार आहे. वाढवण बंदराला जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ऑगस्ट अखेरीस पायाभरणी झाली, आणि त्याच्याजवळ मुंबईचा तिसरा विमानतळ करण्याची घोषणाही झाली आहे. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे. तिथं खाड्या आहेत, डाय म्हणजे साचे बनवणारे कारागीर आणि मच्छीमार आहेत, भरती मुंबईसारखीच मोठी आहे.

अशा प्रकल्पांच्या पर्यावरण परिणाम अभ्यासाच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीआधी किमान 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. 2020 च्या मसुद्यात हे दिवस 20 करायचे होते. विरोध झाला, म्हणून अजून 30 आहेत. अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजी. पाणथळीबद्दल ज्याला विचारायचं आहे त्यानं त्यात आधी एक पान उघडावं: पायाभूत माहिती कुठल्या महिन्यांत गोळा केली ते पान. अशा अहवालांना बहुधा एकाच ऋतूची माहिती पुरते, आणि तो ऋतू पावसाळा नसला तरी चालतो. मग भरावामुळे पाणी कुठे जाईल हे ठरतं ते पावसाळ्याविना, आणि मार्च ते मे घेतला असेल तर हिवाळी पक्षी निम्मे निघून गेलेले असतात. दुसरं पान पक्षीगणनेच्या वेळांचं. वेळ सकाळी सात ते नऊ अशी छापलेली असेल, पण त्या दिवशी सातला भरती होती की ओहोटी हे लिहिलेलं नसेल, तर ती गणना पुन्हा मागावी. त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. डहाणूच्या कुठल्याही कोळ्याकडे त्या तारखेची भरती तोंडपाठ असते, आणि जनसुनावणीत त्याचं बोलणं इतिवृत्तात नोंदवून घेणं प्रशासनाला बंधनकारक आहे.